आठवड्याचे मालक

मला आजवरच्या आयुष्यात बक्षीस असं एकदाच मिळालं. इयत्ता चौथीत लिंबू-चमच्याच्या शर्यतीत माझा तिसरा नंबर आला (धावणारे तिघंच होते) आणि मला प्लॅस्टिकची साबणदाणी मिळाली. त्यामुळे एका गोड आवाजाच्या मुलीनं फोनवर "अभिनंदन सर, तुमचा नंबर लागलाय!" असं सांगितलं, तेव्हा मला आधी वाटलं, राँग नंबर असणार. पण तिला माझं नाव माहीत होतं. पत्ता माहीत होता. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, हेसुद्धा माहीत होतं.

मग आठवलं. महिन्यापूर्वी मॉलमध्ये एक नवीकोरी मोटार उभी करून ठेवली होती आणि शेजारी काचेची पेटी होती. चिठ्ठी भरा, गाडी जिंका. सौ.नं चिठ्ठी भरली. नाव, पत्ता, वय, वार्षिक उत्पन्न, क्रेडिट कार्ड आहे का. सोडतीच्या चिठ्ठीला वार्षिक उत्पन्न कशाला लागतं, हा प्रश्न बँकेत पस्तीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेल्या माणसाला पडायला हवा होता. पण तो फक्त दुसऱ्यांच्या अर्जांच्या बाबतीत पडतो.

मोटार अर्थातच लागली नव्हती. लागल्या होत्या तीन रात्री, दोन दिवस. कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी, फुकट. ते कूपन घ्यायला रविवारी एका हॉटेलात यायचं, दीड तास बसायचं. अट एकच, नवराबायको दोघांनी जोडीनं यायचं.

ही अट कोणी शोधून काढली असेल त्याला माझा नमस्कार. नवरा एकटा गेला तर म्हणतो, "घरी विचारून सांगतो." बायको एकटी गेली तर म्हणते, "ह्यांना विचारून सांगते." संसार असा एकमेकांच्या आडोशानंच चालतो. दोघांना एका टेबलाशी बसवलं की विचारायला माणूसच उरत नाही!

हॉल थंडगार होता. गोल टेबलं, टेबलागणिक एक मध्यमवयीन जोडपं आणि एक टाय लावलेला तरुण. संगीत इतकं मोठ्यानं की विचार करायचा झाला तर ओरडूनच करावा लागेल. मधूनच कोणीतरी माइकवर सांगे, "अमुक सर आणि मॅडम आपल्या परिवारात सामील झाले आहेत!" की सगळे टाळ्या वाजवत. आम्हीही वाजवल्या. लग्नात न ओळखणाऱ्याही वधूवरांवर अक्षता टाकायची सवय असते, तशातलंच ते.

आमच्या वाट्याला आलेला मुलगा गोड होता. पाच मिनिटांत 'सर-मॅडम'चे आम्ही 'काका-काकू' झालो. त्यानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "काका, सुट्टीत कुठे कुठे जाता तुम्ही?"

मी घसा साफ केला. तेवढ्यात सौ. म्हणाली, "आम्ही कुठेच जात नाही."

त्यानं ते मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. त्या क्षणी मला कळायला हवं होतं की आपण अर्धी लढाई हरलो.

मग त्यानं योजना सांगितली. दरवर्षी सात रात्री, अशी पंचवीस वर्षं. मूळ किंमत साडेपाच लाख. पण आज, या टेबलावरून उठायच्या आत सही केली तर चार लाख. शिवाय दरसाल देखभालीची वर्गणी, सध्या वीस हजार. जेवण वेगळं. कॅल्क्युलेटर काढून त्यानं दाखवलं : बाहेर हॉटेलची खोली रात्रीला ५,००० धरा, सात रात्रींचे ३५,०००. दरवर्षी ८ टक्के वाढ. पंचवीस वर्षांचे होतात साडेपंचवीस लाखांहून जास्त! "आणि तुम्ही देताय फक्त चार, काका."

हे 'फक्त चार' ऐकून माझ्यातला निवृत्त कॅशियर जागा झाला. मी म्हटलं, "बाळ, तो कॅल्क्युलेटर इकडे दे."

वाचकहो, पुढचा हिशेब कंटाळवाणा आहे, पण चार लाखांपेक्षा स्वस्त आहे, तेव्हा ऐका. चार लाख मी बँकेत मुदत ठेवीत ठेवले, व्याज ७ टक्के धरलं, तर वर्षाला २८,००० हातात येतात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. ते पैसे कंपनीला दिले की हे व्याज गेलं. त्यात वर्गणीचे २०,००० मिळवा. झाले ४८,०००. म्हणजे बाहेर ३५,०००ला मिळणारी खोली मी पहिल्या वर्षी ४८,०००ला घेणार, आणि वर टाळ्या वाजणार.

"पण पुढे हॉटेल महागणार ना, काका!"

महागेल की. पण तुमची वर्गणी काय पंचवीस वर्षं ब्रह्मचर्य पाळणार आहे? तीही ८ टक्क्यांनी वाढली असं धरलं, तर पहिली नऊ वर्षं हॉटेलच स्वस्त पडतं. सदस्यत्वाचा फायदा दहाव्या वर्षी सुरू होतो. माझं वय आज ६१. म्हणजे माझा फायदा सत्तरीत सुरू होणार, गुडघे कायमच्या सुट्टीवर गेल्यानंतर. आणि ८६व्या वर्षी योजना संपेल तेव्हा चार लाखांचं मुद्दलही संपलेलं असेल. सगळं जमेला धरून तराजू कुठे बरोबरीला येतो, तर पंचविसाव्या वर्षी. तोही केव्हा? पंचवीसच्या पंचवीस वर्षं, दरवर्षी न चुकता, सातच्या सात रात्री आपण जाऊन आलो तर!

आता मला सांगा, आपल्यात असं कोणतं घर आहे? एका वर्षी मुलाची दहावी असते. एका वर्षी सुनेचं बाळंतपण. एका वर्षी सासूबाई खुब्याचं हाड मोडून घेतात. एका वर्षी सगळं जुळून येतं तर कामवाली रजेवर जाते आणि कुंड्यांना पाणी कोण घालणार हा प्रश्न उभा राहतो. न वापरलेले दिवस पुढल्या वर्षी नेता येतात, पण त्यालाही मर्यादा असते. मर्यादा संपली की तो आठवडा बुडाला. वर्गणी मात्र बुडत नाही. ती आपण गेलो तरी द्यायची आणि न गेलो तरी द्यायची.

इथे मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं सैल झालं. पण त्याच्या भात्यात ब्रह्मास्त्र शिल्लक होतं. त्यानं जगाचा नकाशा उलगडला. "काका, तुम्हाला आमच्याच रिसॉर्टला जायचं बंधन नाही. एक्स्चेंज करा! तुमचा आठवडा द्या आणि त्याच्या बदल्यात स्वित्झर्लंड घ्या, पॅरिस घ्या."

सौ.चे डोळे लकाकले. पॅरिस या शब्दात ती जादू आहेच. पण मला एकदम आमच्या दारात बसणारी बोहारीण आठवली.

एक्स्चेंज म्हणजे दुसरं काय हो? बोहारणीचा धंदा! आपण आपली उंची साडी काढून देतो, तिला आठवणी चिकटलेल्या असतात. बोहारीण ती उजेडाकडे धरते, काठ चाचपते, कसरीची भोकं मोजते आणि म्हणते, "एवढ्यात चमचा येतोय, ताई." पातेलं हवं असेल तर आणखी दोन पँटी आणि एक चादर आणा. आठवड्यांच्या अदलाबदलीतही नेमकं हेच होतं. तुम्ही तुमचा आठवडा एक्स्चेंज कंपनीकडे जमा करता. कंपनी तो उजेडाकडे धरते. मे महिन्यातला आहे की जुलैमधला? खोलीत दोन माणसं मावतात की सहा? त्या ठिकाणाला मागणी किती? किती महिने आधी जमा केलात? यावरून तुमच्या आठवड्याची ताकद ठरते. मग ताकदीत बसेल तेवढंच तुम्हाला मागता येतं, आणि तेही दुसऱ्या कोणीतरी पॅरिसवाल्यानं आपला आठवडा आणून ठेवला असेल तरच. कारण पेटीतून तेवढंच निघतं जेवढं कोणीतरी टाकलेलं असतं. आणि ज्याच्याकडे नाताळातला पॅरिसचा आठवडा आहे तो माणूस, माझ्या लोणावळ्याच्या भर पावसातल्या आठवड्यासाठी तो कशाला सोडेल? त्याला काय भजी माहीत आहेत?

शिवाय एक्स्चेंज कंपनीचं सदस्यत्व वेगळं, प्रत्येक अदलाबदलीचं शुल्क वेगळं. आणि पॅरिसला जायचं विमान? ते ज्याचं त्यानं बघायचं. म्हणजे पातेलं फुकट. फक्त ते आणायला बोहारणीच्या गावी विमानानं जायचं.

मुलगा म्हणाला, "काका, ही कन्सेप्ट फ्रान्समधून आलीय." खरं आहे ते. १९६०च्या दशकात आल्प्समधल्या बर्फावर घसरण्याच्या एका ठिकाणी ही युक्ती निघाली. खोली दरवर्षी भाड्यानं घेण्यापेक्षा तिचा एक आठवडा विकतच घेऊन टाका, अशी. मग अमेरिकेत गेली. तिथे १९७४ साली इंडियानापोलिसच्या एका दांपत्यानं अदलाबदलीची कंपनी काढली, तीच ती आरसीआय. आपल्याकडे हे लोण १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलं. पण फ्रेंचांनी हा शोध लावला, हे मी मानायला तयार नाही. आमच्या गावी एक विहीर आहे. तीत आमच्या आजोबांचा चार आणे हिस्सा होता आणि पाण्याची पाळी ठरलेली होती, चार दिवस आमचे, चार दिवस थोरल्या चुलत घराचे, आठ दिवस धाकट्यांचे. यालाच टाइमशेअर म्हणतात ना? आणि त्या पाळीपायी दोन पिढ्या कोर्टात गेल्या, तिसरी पिढी पुण्यात आली. पाळीचं पाणी कसं असतं हे मला फ्रेंचांनी शिकवू नये. आपली पाळी येते तेव्हा विहीर आटलेली असते, आणि पाणी असतं तेव्हा पाळी दुसऱ्याची असते!

अदलाबदलही आमच्याकडे होती. मे महिन्यात आम्ही चारही भावंडं कोकणात मामाकडे, आणि दिवाळीत मामाची तीन मुलं आमच्या दोन खोल्यांत. हंगाम लाल, पांढरा, निळा असा रंगानं ओळखत नसत. आंबा, फणस, पावसाळा असा ओळखत. देखभालीची वर्गणी म्हणजे जाताना नेलेले चितळ्यांच्या बाकरवडीचे चार पुडे. आता मामाचं घर बंद आहे, किल्ली कोणाकडे हे कोणाला नक्की ठाऊक नाही, आणि त्याच घराच्या मागच्या डोंगरावर रिसॉर्ट झालं आहे. मामा फुकट देत होता तोच आठवडा आता चार लाखांना आहे. त्यात मामा नाही.

बरं, हे सगळं माझ्या कंजूष स्वभावातून आलं आहे असं समजू नका. आमचे साडू न्यू जर्सीला असतात. त्यांनी अशाच एका रविवारी, फुकटच्या नाश्त्याच्या बदल्यात, फ्लोरिडातल्या ओरलँडोला एक आठवडा विकत घेतला. तिथले जुने करार पंचवीस वर्षांत संपतही नाहीत. पुष्कळसे आपल्या पश्चात मुलांच्या गळ्यात पडतात. मिकी माउस दोनदा बघून झाला, तिसऱ्यांदा बघायला मुलं तयार नाहीत. वर्गणी मात्र दरवर्षी येते. विकायला काढला तर तसलेच आठवडे लोक एकेका डॉलरला विकायला बसलेले, आणि घेणारा नाही. या जाळ्यातून सोडवून देतो म्हणून पैसे घेणाऱ्यांचा तिथे आता स्वतंत्र धंदाच आहे! साडू फोनवर म्हणाले, "तू घेतोस का? फुकट देतो." आयुष्यात साडूनं आपण होऊन काही देऊ केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी तिथेच सावध झालो.

युरोपातल्या सरकारांनाही हे उशिरा का होईना उमगलं. २००८ सालच्या युरोपीय संघाच्या नियमानुसार अशा करारावर सही केली तरी चौदा दिवसांत कारण न देता ती मोडता येते, आणि त्या चौदा दिवसांत ग्राहकाकडून एक पैसा घ्यायला बंदी आहे. चौदा दिवस! आणि इथे मला चौदा मिनिटं द्यायला कोणी तयार नव्हतं. मी "घरी जाऊन विचार करतो" म्हटल्याबरोबर मुलानं त्याच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी तीस हजार आणखी कमी केले. मग त्यांच्यावरचे साहेब आले, त्यांनी एका वर्षाची वर्गणी माफ केली. भाजीवालीकडे आपण निघून चाललो की भाव उतरतो, तसं. फरक एवढाच की भाजीवाली उद्याही बसलेली असते. आजच्या आज सही केली तरच मिळतं असं जे काही असतं, ते उद्याच्या उजेडात बघण्यासारखं नसतं, हे मी पस्तीस वर्षांच्या अनुभवानं सांगतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टर जोडपं आहे. पस्तिशीचं, दोन मुलं. जानेवारीतच दिवाळीचं आरक्षण करून मोकळे होतात आणि एकही रात्र वाया घालवत नाहीत. त्यांना हा व्यवहार फळला आहे. पण अशी माणसं कुठलाही व्यवहार फळवतात. ती वीमा एजंटालाही परत प्रश्न विचारतात. ही योजना चालते ती तुमच्याआमच्यासारख्यांवर. आपण जात नाही. जाऊ जाऊ म्हणतो. आणि जात नसल्याची एक बारीक लाज मनात बाळगून असतो. त्या हॉलमध्ये खोल्या विकत नाहीत हो. तिथे ती लाज विकत घेतात, आपल्याच खर्चानं. चार लाख भरले म्हणजे आता जावंच लागेल, अशी आपण आपल्यालाच बेडी घालून घेतो. आणि ती घालूनही घरीच बसतो.

हे शेवटचं मी तिथे मोठ्यानं बोललो. संगीत नेमकं तेव्हाच थांबलं होतं. शेजारच्या दोन टेबलांवरची पेनं हवेत थांबली. साहेब लोक निघून गेले. मुलगा मात्र बसून राहिला. त्याच्याकडे बघून सौ.नं विचारलं, "बाळ, तू गेलायस का रे यातल्या कुठल्या ठिकाणी?"

तो टायशी चाळा करत म्हणाला, "नाही काकू. शनिवार-रविवार आम्हाला इथेच असतं."

सौ.नं तिच्या बशीतली पेस्ट्री त्याच्यापुढे सरकवली. आम्ही उठलो. कूपन मिळालं, त्यामागे बारीक अक्षरांत लिहिलेल्या अटी मी घरी भिंगातून वाचल्या. मे, दिवाळी, नाताळ, लागून आलेल्या सुट्ट्या सोडून, नोंदणी शुल्क आगाऊ भरून वगैरे.

रिक्षात मी विजयी मुद्रेनं बसलो होतो. चार लाख वाचवले होते. सौ. गप्प होती. सिग्नलला ती म्हणाली, "तुमचा हिशेब अगदी बरोबर होता."

"होताच."

"आता माझा ऐका. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. माथेरानला गेलो लग्नानंतर. एकदा कन्याकुमारी. बस्स. तुम्हाला बँकेतून दर चार वर्षांनी प्रवासभत्ता मिळायचा. पहिल्याचे रोख पैसे घेऊन फ्रीज आणलात. दुसऱ्याचं वॉशिंग मशीन. तिसऱ्याची मुलाच्या क्लासची फी. तेव्हाही हिशेब बरोबरच होता तुमचा. मी दर वेळी फ्रीज उघडते ना, तेव्हा मला काश्मीर दिसतं."

सिग्नल हिरवा झाला. मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मी कंपनीचा हिशेब खोडून काढला होता, पण त्या मुलानं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलेलं वाक्य मला खोडता आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्याच जुन्या शाखेत जाऊन आवर्ती ठेव उघडली. महिना ४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ४८,०००. कंपनीला पहिल्या वर्षी पडले असते तेवढेच, पण मुद्दल आपल्या ताब्यात. पासबुक सौ.च्या हातात दिलं आणि म्हटलं, "हा आपला आठवडा. कुठेही जा. एक्स्चेंजची फी नाही."

तिनं पासबुक उलटसुलट करून, उजेडाकडे धरून पाहिलं. मग म्हणाली, "मला जुलैत महाबळेश्वरला जायचंय."

"जुलैत? अगं, तिथे तेव्हा माणसं घरांना गवताची झडी बांधून आत बसतात. तो निळ्यातला निळा हंगाम! त्याला बोहारीण चमचासुद्धा देणार नाही."

"मला पाऊसच बघायचाय. खिडकीत बसून. दुसऱ्या कोणाचा स्वयंपाक जेवत."

तेव्हा वाचकहो, तुम्हालाही फोन येईल. अभिनंदन होईल. जरूर जा, हॉल थंड असतो, पेस्ट्री चांगली असते. फक्त चेकबुक घरी ठेवा, आणि जाण्यापूर्वी बायकोला एकदा विचारा, तिला कुठे जायचंय. हा प्रश्न त्या टाय लावलेल्या मुलानं आपल्याआधी विचारला की सौदा महागात पडतो.

आमच्या ठेवीचे पाच हप्ते झाले. सहाव्याला इन्व्हर्टरची बॅटरी गेली. मी सहज म्हणालो, "या महिन्याचे चार हजार तिकडे वळवू या का? पुढच्या महिन्यात दुप्पट भरू."

सौ. म्हणाली, "चालेल. पण वर्गणी थकली तर दंड आहे. तुमचा चहा बंद. आणि रद्द करायची मुदत संपलीय."

बॅटरी पुढच्या महिन्यात घेऊ. तोवर मेणबत्त्या आहेत.